वाईच्या वाड्यातली नऊ मिनिटं: ग्लॅमर, उजेड आणि अभिनय यांच्या भांडणाचं एक प्रकरण

२०२५ च्या जानेवारीत वाईजवळच्या एका जुन्या वाड्यात एका वेब मालिकेचं चित्रीकरण झालं. मालिका फक्त प्रौढांसाठीची. त्यातल्या नऊ मिनिटांच्या एका प्रसंगाबद्दल हे टिपण आहे. प्रसंग शृंगाराचा. संस्थानी काळातली गाणारी बाई, तिच्याकडे पहिल्यांदाच आलेला जमीनदाराचा मुलगा, रात्र, आणि एकही संवाद नाही. पटकथेत याला अर्धं पान दिलेलं होतं आणि त्या अर्ध्या पानाच्या समासात निर्मात्याने पेनने लिहिलं होतं, 'ग्लॅमरस पाहिजे. रिच.' संकलन माझ्याकडे होतं. एडिटिंगची सोय साताऱ्यात घरीच असल्यामुळे रात्रीचं फुटेज सकाळी डिस्कवर माझ्याकडे यायचं. युनिटमधल्या कुणाचं नाव इथे घेत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

पहिल्या दोन रात्रींचं फुटेज देखणं होतं. कुठलीही फ्रेम थांबवावी आणि कॅलेंडरला द्यावी. सलग पाहायला बसलं की मात्र तिसऱ्या मिनिटाला जांभई. नटी कच्ची असती तर विषय तिथेच संपला असता. पण ही बाई राज्य नाट्य स्पर्धेत सांगली केंद्रावर काम केलेली, भावे नाट्यमंदिराच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारी. तीच इथे दागिन्यांच्या जाहिरातीतल्या मॉडेलसारखी का दिसत होती, हा या प्रकरणातला खरा प्रश्न.

शैली कुठून आली

ग्लॅमरचा हा सगळा साज मासिकांतून आलेला आहे. 'प्लेबॉय' १९५३ साली निघालं, 'पेंटहाउस' १९६५ साली ब्रिटनमध्ये. पेंटहाउसने एक खास चित्रभाषा रूढ केली: धूसर कडा, खिडकीतून झिरपणारा उजेड, आणि आपल्याच तंद्रीत असलेली, बघणाऱ्याची दखलही न घेणारी बाई. अमेरिकेत १९७० च्या दशकात प्रौढ चित्रपट थिएटरसाठी फिल्मवर बनत. पुढच्या दशकात व्हिडिओ कॅसेट आली आणि बराचसा धंदा स्वस्तात, सपाट उजेडात, पटापट काम उरकण्याकडे वळला. त्या वेळी काहीजणांनी उलटी वाट धरली. व्हिडिओच्या जमान्यात फिल्म वापरली, फॅशन मासिकासारखा उजेड केला, मोठे बंगले, हातमोजे, टोप्या, रेशीम आणलं, संवाद काढून टाकले आणि सबंध लांबीवर संगीत पसरलं. त्यांचे कलाकार हसत नाहीत, घाई करत नाहीत, ओळखही देत नाहीत. हा थंडपणा त्या शैलीची सही ठरला. तिच्यावरचा जुना आक्षेपही तोच: माणसं पुतळ्यासारखी दिसतात.

आपल्याकडे तो प्रकार त्याच्या मूळ रूपात करता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७अ उघड लैंगिक क्रिया दाखवणारा मजकूर प्रसारित करण्याला पहिल्याच गुन्ह्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड सांगतं. त्यामुळे इथे उरतो तो नुसता साज. साबणाच्या जाहिराती, आयटम साँग आणि अठरा वर्षांवरच्या मालिका यांतून तो आपल्या सवयीचा झाला आहे. आमच्या दिग्दर्शिकेने रेषा पहिल्याच बैठकीत आखली होती: नग्नता नाही, क्रिया नाही, सगळं सूचक. २०२१ च्या नियमांप्रमाणे ओटीटीवर 'ए' वर्ग लागणार आणि प्रेक्षकाच्या वयाची खात्री करून घेणं प्लॅटफॉर्मवर बंधनकारक. अश्लीलतेबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अवीक सरकार खटल्यात १८६८ ची जुनी इंग्रजी कसोटी सोडली आणि चित्र समग्र, संदर्भासह, आजच्या समाजाच्या नजरेने पाहायला सांगितलं. निर्मात्याच्या वकिलाने हा निकाल सगळ्यांना वाचून दाखवला. वकिलाला वाटलं धीर येईल. उलट झालं. कॅमेरामन इतका जपून वागू लागला की त्याने सगळंच धुक्यात बुडवलं.

देखणं आणि निर्जीव

पहिल्या रात्रीची मांडणी अशी होती. अंगणातून माजघराच्या खिडकीतून आत येणारा अडीच किलोवॉटचा एचएमआय, म्हणजे दिवसासारखा उजेड देणारा मोठा दिवा. समोरून मोठी स्किमर, म्हणजे उजेड गाळणारं पातळ कापड, लावून मऊ केलेला दुसरा उजेड. खोलीत स्मोक. ८५ मिलीमीटरचं भिंग, पूर्ण उघडं. भिंगापुढे अर्ध्या नंबरचा, चित्र धूसर करणारा ब्लॅक प्रो-मिस्ट फिल्टर. वेग सेकंदाला ५० फ्रेम. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर बरोबर आहे. एकत्र आल्या की त्या नटीच्या तोंडावर हात ठेवतात.

वेगाचं आधी सांगतो, कारण तिथेच सगळ्यात जास्त नुकसान झालं. ५० फ्रेमने घेतलेलं २५ ने दाखवलं की प्रत्येक हालचाल दुप्पट वेळ घेते. पदर सरकतो, धूर वळसा घेतो, सुटलेले केस खांद्यावर येतात; हे सगळं खुलतं. पण पापणीही दुप्पट वेळ मिटलेली राहते. वळून बघू की नको, हे नटीच्या डोळ्यांत पाव सेकंदात ठरतं. तो पाव सेकंद ताणून अर्धा सेकंद झाला की निर्णय दिसत नाही, पेंग दिसते. दिग्दर्शिकेने नटीला 'संथ कर' असंही सांगितलेलं होतं. म्हणजे बाई आधीच सावकाश आणि त्यावर कॅमेऱ्याने आणखी सावकाश केलेली.

दुसरं भिंगाचं. ८५ च्या भिंगाने, पूर्ण उघड्या छिद्रावर, जवळून चेहरा घेतला तर फोकसची पट्टी बोटाबोटाएवढी उरते. एक डोळा धारदार असेल तर दुसरा मऊ होतो. फोकस सांभाळणारा पोरगा, फोकस पुलर, हुशार होता, पण त्यालाही मर्यादा. शेवटी त्याने हात जोडले, ''मॅडम, मान तेवढी हलवू नका.'' डिस्कवर हे वाक्य ऐकू येतं. रंगमंचावरून आलेल्या नटीला मान हलवू नका म्हणायचं आणि मग ती पुतळ्यासारखी दिसते म्हणून कुरकुरायचं!

तिसरं रंगाचं, आणि याचा मला सगळ्यात जास्त राग आला. नटी सावळी आहे. मेकअप दादांनी सवयीने तिला दोन छटा उजळ केलं. कॅमेरामनने समोरून मऊ उजेड टाकून ते आणखी पक्कं केलं. सावळ्या त्वचेची शोभा उजेड सगळीकडे सारखा पसरण्यात नसते. एका बाजूने मोठा उजेड यावा, दुसरी बाजू खुशाल अंधारात जावी, आणि गालाच्या हाडावर, खांद्याच्या गोलाईवर, गळ्याच्या खळीत उजेडाची चकाकी पडावी. समोरून पांढरा उजेड भरला की ही चकाकी मरते आणि त्वचा खडू फासल्यासारखी सपाट होते. हे समजायला परदेशी मासिकं चाळायला नकोत. आपल्याच जिल्ह्यात औंधला भवानी संग्रहालय आहे. औंधचे संस्थानिक पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभारलं. तिथे राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. कॅलेंडरावरचा रविवर्मा आणि मूळ रविवर्मा यांत हाच फरक. मूळ चित्रात अंधाराला जागा आहे, आणि जर, मोती, ओठ यांच्यावरचे उजेडाचे ठिपके मोजके आहेत. दिग्दर्शिका शाळेच्या सहलीत तिथे गेलेली होती. तिने कॅमेरामनला फोनवर दाखवण्याऐवजी सरळ गाडीत घातलं आणि औंधला नेलं. एक दिवस गेला, निर्माता चिडला. पण मी म्हणेन, त्या दिवसाचे पैसे वसूल झाले.

चौथी गोष्ट शॉटच्या यादीत होती. निम्म्याहून अधिक शॉट हात, पाठ, मान, पैंजण, ओठ असे तुकड्यातुकड्याचे. मासिकात पान उलटलं की नवं चित्र येतं, मधल्या वेळाचा प्रश्न नसतो. चित्रपटात मधला वेळ हाच अभिनय. माझ्या टेबलावर पाठ होती, पैंजण होतं, पण पाठीवरून पैंजणापर्यंत ती कशी पोचली, का पोचली, हे कुठे घेतलेलंच नव्हतं. तुकडे कसेही जोडले तरी चालत होते. संकलकाला याहून वाईट खूण नाही.

याशिवाय एक गोष्ट जी फुटेजमध्ये दिसत नाही, ऐकू येते. मॉनिटर ओसरीवर होता. तिथे स्पॉट दादा, वाड्याच्या मालकांचे दोन पुतणे, जनरेटरवाला आणि त्याचा मित्र असे सगळे बसलेले. दुसऱ्या रात्रीच्या एका टेकमध्ये बाहेरून बारीक हसू ऐकू येतं. नटीचा खांदा त्याच क्षणी किंचित आखडतो. तिने शॉट पूर्ण केला. पण त्यानंतरच्या टेकमध्ये तिने डोळे वर उचललेलेच नाहीत.

बाई आल्या

तिसऱ्या दिवशी काम थांबवलं. दिग्दर्शिकेने वाईतल्याच एका वयस्क लावणी कलावतीला बोलावलं. बाई आता कार्यक्रम करत नाहीत, शिकवतात. वाई ही थोर लावणी गायिका यमुनाबाई वाईकरांची. १९७७ साली संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि २०१२ साली पद्मश्री मिळालेल्या यमुनाबाई २०१८ मध्ये याच गावात गेल्या. बैठकीच्या लावणीतली त्यांची अदाकारी पाहिलेली माणसं इथे अजून आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींना आमच्या सेटशी लावणीचं नाव जोडलं गेलेलं आवडलं नाही. त्यांचा राग मला समजतो. लावणीवाल्या बायकांना दोनशे वर्षं ज्या शिक्क्याशी झगडावं लागलं, तो शिक्का पुन्हा कुणी मारू नये असं त्यांना वाटणारच. बाईंनी मात्र अट घातली ती एवढीच, की मालिकेत लावणी वाजणार नाही आणि श्रेयनामावलीत त्यांचं नाव येणार नाही. दोन्ही पाळलं.

बैठकीच्या लावणीत कलावती बसून गाते. नाच नाही, फिरणं नाही. जे करायचं ते डोळे, भुवया, मान, बोटं आणि पदराचं टोक यांतून. एकाच ओळीचे दहा अर्थ दहा वेळा वेगळे करून दाखवायचे. म्हणजे आमची अडचण हाच त्यांचा रोजचा रियाज होता: जवळून बघणारा माणूस आणि हलायला जागा नाही.

बाईंनी दोन रात्रींचं फुटेज पाहिलं आणि नटीला विचारलं, ''पोरी, तू बघतीस कुठं?''

''कुठंच नाही, मावशी. ताई म्हणाल्या तंद्रीत राहा.''

''मग समोरचा कशाला बसंल? दहा जण बसल्यात असं समज. त्यातला एक निवडायचा. बाकीचे नऊ जळलं पायजेत.''

आमच्या सगळ्या खटाटोपात हे कुणाला सुचलं नव्हतं. पेंटहाउसी शैलीत बाई बघणाऱ्याची दखल घेत नाही. तिथे बघणारा चोरून बघतो, म्हणून ते चालतं. पण आमची गाणारी बाई तिच्या स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या बैठकीवर होती. तिथे चोरून बघणारा कुणी नाही, पाहुणा आहे, आणि पाहुण्याला किती वेळ ताटकळत ठेवायचं हे ती ठरवते. नजर तिच्या ताब्यात दिली की प्रसंगाचा कणाच बदलतो. दिग्दर्शिकेने त्याच दुपारी शॉटची यादी फाडली.

तालीम मात्रांवर बसवली. सोळा मात्रांत ती कानातला एक झुबा काढते. आठ मात्रा तो हातात. मग त्याच्याकडे बघते, तो पुढे सरकतो, आणि ती झुबा पुन्हा कानात घालते. हे बाईंचं. अंगावरून काहीही न उतरवता सबंध प्रसंगातला सगळ्यात तापलेला क्षण हाच झाला. स्पर्शाच्या जागाही अशाच मोजून घेतल्या: त्याचा हात मनगटावर, चार मात्रा, मग तीच सोडवून घेते. दोन्ही कलाकारांना पुढचं नक्की काय हे माहीत असल्यामुळे भीती गेली, आणि भीती गेल्यावर चेहऱ्यात जागा झाली. मोठ्या युनिटमध्ये यासाठी, म्हणजे जवळिकीचे प्रसंग बसवून द्यायला, हल्ली इंटिमसी कोऑर्डिनेटर असते. आमच्याकडे ते काम नृत्यदिग्दर्शिकेने केलं.

करारही नव्याने लिहिला, मराठीत. कुठला भाग कुठल्या कोनातून दिसेल, काय दिसणार नाही, बॉडी डबल, म्हणजे तिच्या जागी दुसऱ्या बाईचं शरीर, तिच्या लेखी परवानगीशिवाय नाही, सेटवर सहाच माणसं, मोबाइल दारातल्या टोपलीत, मॉनिटर आतल्या खोलीत दिग्दर्शिकेपुरता. न वापरलेलं फुटेज कुणाकडे राहील तेही लिहिलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये एक बारीक पण फार मोलाचं स्पष्टीकरण आहे: खासगी क्षणाच्या चित्रणाला बाईची संमती असली, पण प्रसाराला नसली, तर तो प्रसार गुन्हा ठरतो. हे कलम नाटक-सिनेमासाठी लिहिलेलं नाही, पण डिस्क हाताळणाऱ्या प्रत्येकाने ते वाचलेलं बरं. माझ्याकडची डिस्क तेव्हापासून कुलपात असते.

पुन्हा चित्रण

वेग २५ फ्रेम. संथपणा कॅमेऱ्याने करायचा नाही, नटीने करायचा. भिंग ५०, छिद्र दोन पूर्णांक आठ, म्हणजे मान हलवायला जागा. फिल्टर एक अष्टमांशावर आणला. समोरची स्किमर काढली. एकाच बाजूने, गेटवे कागदातून गाळलेला मोठा उजेड. भिंगाच्या अगदी शेजारी एक इवलासा दिवा, फक्त बुबुळात ठिणगी पडावी म्हणून. धुक्यात आधी तीच हरवली होती. मेकअप दादांना त्वचेचा मूळ रंग ठेवून वर तेलाचा हात द्यायला सांगितलं. ते दोन तास रुसले, मग मॉनिटरवर पाहून स्वतःच म्हणाले, ''ताई, याला पावडर लावली असती तर पाप लागलं असतं.''

थंडी मात्र कुणाच्या हिशेबात नव्हती. जानेवारीत कृष्णाकाठची रात्र बोचरी असते. जवळच्या शॉटमध्ये हातावर काटा आलेला स्वच्छ दिसत होता, आणि तो शृंगाराचा काटा नव्हता. फ्रेमबाहेर दोन शेगड्या ठेवल्या, टेकच्या मध्ये घोंगडी. जनरेटर उसाच्या फडापलीकडे नेला आणि लांब केबल ओढली, कारण या वेळी दिग्दर्शिकेला जागेवरचा आवाज हवा होता. या प्रकारच्या चित्रणात संगीत सगळ्यावर रंगाचा हात मारल्यासारखं फिरवतात. इथे बांगडीचा, श्वासाचा, लाकडी जिन्याचा आवाज ठेवला आणि खाली फक्त तंबोरा.

झुब्याचा शॉट सलग घेतला, जवळजवळ पावणेतीन मिनिटं. त्यात कॅमेरा मुलाच्या मागे नाही, तिच्या खांद्यामागे आहे. म्हणजे आपल्याला दिसतो तो बघणारा, बघितला जाताना. हा नट नवखा. त्याला काही करायचं नव्हतं, नुसतं घाबरायचं होतं, आणि ते त्याने मनापासून केलं.

संकलनात मी जुन्या फुटेजमधले तीनच शॉट ठेवले: सरकणारा पदर, समईवरचा धूर, सुटणारे केस. ५० फ्रेमचेच. जिथे माणसाने काही ठरवायचं नव्हतं तिथे ती गती शोभली. कापायच्या जागा या वेळी मी शोधल्या नाहीत, नटीच्या डोळ्यांनी दिल्या. ती नजर उचलते तिथे काप, वळवते तिथे नाही. नऊ मिनिटांचे साडेसात झाले आणि कुणालाच ते लक्षात आलं नाही.

नंतरचं

प्लॅटफॉर्मच्या माणसांना प्रसंग 'आर्टिस्टिक' वाटला. हा शब्द त्यांनी तक्रार म्हणून वापरला. त्यांना बॉडी डबल घेऊन चार जवळचे तुकडे मध्ये घालायचे होते. म्हणजे फाडलेली यादी पुन्हा चिकटवायची होती. करार पुढे केला. नटीने लेखी नकार दिला, कारण देण्याची तिला गरज नव्हती आणि तिने दिलंही नाही. निर्मात्याने आठवडाभर तिच्या घरी खेटे घातले, नंतर सोडून दिलं.

मग जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने अश्लील मजकुराच्या कारणावरून २५ ओटीटी प्लॅटफॉर्म बंद करायला लावले. त्याआधी मार्च २०२४ मध्ये १८ बंद झाले होते. आमचा प्लॅटफॉर्म यादीत नव्हता, पण इतका हादरला की त्याने प्रौढ वर्गातल्या सगळ्याच नव्या मालिका परत केल्या. आमचीही. जी मालिका त्यांना पुरेशी बोल्ड नव्हती ती आता फारच बोल्ड ठरली. या दोन मतांच्या मध्ये फुटेजमधली एकही फ्रेम बदललेली नव्हती.

सध्या पाच भागांतून एक सलग चित्रपट काढण्याचं काम चालू आहे. सेन्सॉरकडे 'ए' प्रमाणपत्र मागायचं की झुब्याचा प्रसंग तसाच ठेवून 'यूए १६+' साठी प्रयत्न करायचा, यावर निर्माता आणि दिग्दर्शिका यांचं एकमत नाही. माझं मत 'ए' च्या बाजूने आहे, कारण हा प्रसंग मोठ्या माणसांचा आहे आणि तसं सांगायला लाजण्यासारखं त्यात काही नाही. नटीचे, बाईंचे आणि लाइट दादांचे पैसे पूर्ण मिळाले. वाड्याच्या भाड्याचा दुसरा हप्ता अजून बाकी आहे, आणि मालकीणकाकू दर एकादशीला निर्मात्याला फोन करतात.